दहा वाजून वीस मिनिटांनी रेमिंग कुठे होती

पुंता बालोदमध्ये रेमेदियोस पालाब्रिकाच्या सहीवाचून कुणाचं पान हलत नसे. रहिवासाचा दाखला असो, धक्क्यावर नवी टपरी टाकायची असो, दोन जावांचं भांडण मिटल्याचा कागद असो, माणसं तडक तिच्या शिवणाच्या दुकानात येत. कागावाद म्हणून निवडून येण्याची तिची ही तिसरी खेप होती. पंचायतीतल्या सात जणांत ती एकटी बाई. मशीनवरचा पाय थांबवायचा, ओठांत धरलेल्या टाचण्या काढून उशीत खोचायच्या, चष्मा वर सारायचा आणि सही करायची. अक्षर नन बायकांच्या शाळेत घटवलेलं, त्यामुळे सहीसुद्धा कशी ठसठशीत. लोक कौतुकाने म्हणत, "रेमिंगची सही म्हणजे छापलेलीच वाटते."

पोलीसही येत, म्हणजे फोन करत. नशेची पुडी पकडली की पंचायतीतला एक निवडून आलेला माणूस आणि एक पत्रकार असे दोन पंच लागतात. पकडतानाच ते आसपास हवेत. त्यांच्या डोळ्यांदेखत पुडीवर खूण करायची, यादी लिहायची, फोटो काढायचा, असा कायदा. सार्जंट गाल्बेची पद्धत जरा सोपी होती. सगळं उरकून चौकीत आल्यावर तो फोन लावी आणि कागावादचं नुसतं काग करून म्हणे, "काग, एक सही हवी होती."

रेमिंग छत्री घेऊन चौकीत जाई. टेबलावर काचेच्या चुऱ्यासारख्या पुडीची इवलीशी प्लॅस्टिकची पिशवी असे. पंचनामा लिहून तयार, जागा लिहिलेली, वेळ लिहिलेली. ती पिशवीकडे बोट दाखवून उभी राही, एक जण फोटो काढी, ती सही करी, मग कॉफी आणि घर. यात आपण खोटं काही करतोय असं तिच्या कधी मनातही आलं नाही. उन्हातान्हात धावपळ पोलिसांनी केलेली, आपण खाली नाव घालायचं, एवढंच.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी दुपारी असाच फोन आला. या वेळी बाकावर बेड्या घालून एलिसेओ कातालबास बसला होता.

एलिसेओला ती चांगलीच ओळखत होती. तीनचाकी चालवायचा. सहा वर्षांपूर्वी नशेपायी त्याने तिच्याच दुकानाची खिडकी उचकटून मशीनची मोटर पळवली होती, आणि ऐन शाळा उघडायच्या दिवसांत तिला तीन आठवडे पायाने मशीन हाणावं लागलं होतं. पुढे तो पुडीसकट पकडला गेला, गुन्हा कबूल करून त्याने शिक्षा कमी करून घेतली, तीन वर्षं आत राहून आला. बाहेर आल्यावर पंचायतीने नशा सोडवायचे वर्ग चालवले होते, त्यात बसला. हजेरी रेमिंगच घ्यायची. एकही शनिवार त्याने चुकवला नव्हता.

वस्तीतली माणसं तिला मनांग, म्हणजे ताई, म्हणत. तोही तिच्याकडे बघून हळूच म्हणाला, "मनांग, तुम्ही तिथं नव्हता."

गाल्बे हसला. "बघा! पहिल्या खेपेला याला काहीच आठवत नव्हतं. दुसऱ्या खेपेला डोकं तल्लख झालंय. घ्या काग, इथं."

रेमिंगने सही केली. खरं सांगायचं तर जराशा समाधानानेच केली.

*

दहा महिन्यांनी एलिसेओची बायको नेनिता दुकानाच्या पायरीवर येऊन बसली. बाजारात सुकी मासळी विकून सरळ आली असावी. वास अंगावर घेऊनच आली होती.

"मनांग, एक दाखला द्या. शनिवारचे वर्ग त्याने पुरे केले, सुधारला होता, एवढं लिहून द्या."

"आणि सुधारला होता तर पुडी कुठून आली?"

"ते मला विचारू नका. दाखला द्या."

रेमिंगने थोडे आढेवेढे घेतले, पण हजेरी तर खरी होती. तिने दाखला लिहिला, सही केली. नेनिता म्हणाली, वकीलबाईंच्या हातात तुम्हीच द्या, मी दिला तर बायकोचं कौतुक वाटेल. म्हणून दोघी बसने शहरात गेल्या.

ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्यासाठी सरकारने नेमलेले वकील कोर्टाच्या मागच्या इमारतीत बसत. चौघांत मिळून एक खोली. जुनेसा दुमांकास बाई तिशीच्या आतबाहेरची, डोळ्यांखाली काळं, एका हातात उकडलेलं केळं. तिने दाखला वाचला, घडी घातली आणि परत रेमिंगच्या हातात दिला.

"हा घरी ठेवा, मनांग. हा कोर्टात गेला तर आपला माणूस गेलाच म्हणून समजा."

"अहो, मी चांगलंच लिहिलंय!"

"तीच तर भानगड आहे. एकदा का मी म्हटलं की माणूस चांगला आहे, की समोरच्याला रान मोकळं. तो मागचा निकाल बाहेर काढणार आणि न्यायाधीशांच्या नाकासमोर नाचवणार. मी गप्प बसले तर दोष ठरवताना त्याला तो कागद काढता येत नाही. दुसऱ्यांदा पकडलेल्या माणसाला चांगुलपणा परवडत नाही."

नेनिता रडकुंडीला आली. "मग मागच्यासारखं कबूल करू दे. तीन वर्षं, चार वर्षं, काय असेल ते."

"ती वाट एकदाच मिळते. आता विकल्याचा आरोप आहे. सिद्ध झाला तर जन्मठेप. पुडी चिमूटभर असली तरी."

"पण त्याला अडकवलंय! तो सांगतोय ना, त्याच्याकडे काही नव्हतं!"

"सांगू दे. न्यायाधीश रोज सकाळी नाश्त्याबरोबर हीच हकीकत ऐकतात. त्यातून आधी शिक्षा भोगून आलेला. त्याला पिंजऱ्यात उभा केला की सरकारी वकील दोन मिनिटांत त्याचं भरीत करेल." जुनेसाने केळ्याचं साल कागदात गुंडाळलं. "मी तो निर्दोष आहे म्हणणारच नाही. मी एवढंच विचारणार, की त्या दिवशी रस्त्यावर सापडली म्हणता ती पुडी आणि आज कोर्टात ठेवलेली पुडी एकच कशावरून? कुणी बघितली? नेनिता, खाली जाऊन आपल्या तिघींना कॉफी आणतेस?"

नेनिता गेली. जुनेसाने दार लोटलं आणि फायलीतून दोन कागद काढून रेमिंगपुढे शेजारी शेजारी ठेवले.

पहिला कागद पंचनामा होता. जागा, बाजारामागचा तीनचाकीचा थांबा. वेळ, सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. पंच, रेमेदियोस पालाब्रिका.

दुसरी शाळेच्या फाटकावरच्या वहीतल्या पानाची प्रत होती. तीच तारीख. आत आल्याची वेळ नऊ चाळीस, बाहेर गेल्याची साडेअकरा. काम, मुलींच्या गणवेशाची मापं. सही, रेमेदियोस पालाब्रिका.

दोन्ही सह्या हुबेहूब. रेमिंगला वाटलं, कुणी तरी आपल्या दंडाला धरून आपल्याला दोन बाजूंना ओढतंय.

"हे तुम्ही कुठून..."

"शाळेचे कपडे तुम्हीच शिवता, सगळ्यांना ठाऊक आहे. कोर्टाकडून वही मागवली."

"ही मला धमकी आहे का?"

"नाही, समन्स आहे." जुनेसाने तिसरा कागद पुढे केला. "पुढच्या महिन्यात तुम्हाला साक्षीला बोलावतेय. सगळं उघड सांगते. तुम्ही खोटं बोललात तर ही वही मला उघडावी लागेल. खरं बोललात तर तुमच्यावर चौकशी बसू शकते, कागावादपण जाऊ शकतं. तुम्ही आपला वकील करा. मी एलिसेओची वकील आहे, तुमची नाही."

रेमिंगच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझी मोटर चोरली त्या माणसाने, माहितीय तुम्हाला? आणि त्याच्यासाठी मी माझं तोंड काळं करून घेऊ?"

"मोटरचं कोर्टात चुकूनही बोलू नका," जुनेसा घाईने म्हणाली. "ते त्याला फार महागात पडेल."

*

समन्सची बातमी चौकीपर्यंत पोचायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी सार्जंट गाल्बे दुकानात आला. काखेत गणवेशाची पँट. "काग, कमरेत सैल करून द्या जरा. बायको भात फार वाढते."

रेमिंगने ओठांत टाचण्या धरल्या आणि त्याच्या कमरेभोवती टेप टाकला.

"साक्षीचं कळलं," तो वरून म्हणाला. "घाबरायचं काही नाही. तुम्ही थांब्याजवळ तीनचाकीत बसला होतात. आम्हाला पंधरावीस हातांवरून बघितलंत. पुढचं आमचं आम्ही. आठवतंय ना?"

तिने टेप घट्ट ओढला.

"आई गं! पोट आहे ते, पोतं नाही." तो हसला, आणि मग हसू पुसल्यासारखं गेलं. "हे बघा, तो विकतो. मला माहितीय, तुम्हाला माहितीय. तुमच्या शेजारच्या ग्लोरियाचा मुलगा कुणाकडून घेत होता, विचारा तिला. आता तो सुटला तर थांबणार आहे थोडाच? आणि तो एकटा सुटणार नाही. तुमच्या सहीवर किती जण आत आहेत? ते सगळे म्हणणार, आमच्या वेळी तरी रेमिंग कुठे होती? मग ते तुमच्या दारावरून रोज जातील. मी तुमच्या भल्याचं सांगतोय, मनांग."

आजवर तो काग म्हणत आला होता. मनांग पहिल्यांदाच म्हणाला. रेमिंगच्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून उत्तर द्यावं लागलं नाही. तिने पँटवर खडूने खूण केली आणि मानेनेच सांगितलं, शुक्रवारी न्या.

तो गेला तरी त्याचं बोलणं गेलं नाही, कारण त्यातलं निम्मं खरं होतं. ग्लोरियाच्या मुलाने आईच्या कानातलं विकलं होतं, ते रेमिंगने डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि आत असलेली माणसं? तिने एकेकाचा चेहरा आठवून पाहिला. बाकावरच्या बेड्या आठवत होत्या, टेबल आठवत होतं, फोटोसाठी पुढे केलेलं आपलंच बोट आठवत होतं. माणसं आठवेनात.

नवरा पिद्योंग आयुष्यभर बोटींची इंजिनं दुरुस्त करत आलेला, थोडक्यात बोलणारा माणूस. दुपारी भातावर मासळीचं कालवण ओतत तो म्हणाला, "आजारी पड."

"आणि पुढची तारीख दिली तर?"

"परत पड."

"किती वेळा पडू?"

"कंटाळेपर्यंत. त्यांना कंटाळा येईपर्यंत म्हणतोय मी." मग घास तसाच हातात धरून तो म्हणाला, "तू शाळेत होतीस त्या दिवशी. येताना माझ्यासाठी बिस्किटांचं डबडं आणलं होतंस. झाकण उघडत नव्हतं."

रेमिंगने त्याच्याकडे पाहिलं. याला आठवतंय, शाळेच्या रखवालदाराला आठवत असणार, मापं दिलेल्या चाळीस मुलींना आठवत असणार. सगळ्या वस्तीत ही गोष्ट न आठवणारी आपण एकटीच बाई उरणार.

*

कोर्टात तिचा नंबर तिसरा होता. भिंतीवरचा पंखा मान हलवत होता आणि वारा कुणालाच लागत नव्हता. तुरुंगाचा पिवळा सदरा घालून एलिसेओ पहिल्या बाकावर दुसऱ्या एका कैद्याशी जखडून बसला होता. तो वाळला होता. त्याने एकदा मागे वळून पाहिलं, मग पाहिलं नाही. मागच्या बाकावर सार्जंट गाल्बे बसला होता, आल्टर केलेल्या पँटमध्ये.

रेमिंगने शपथ घेतली. स्वतःचं नावसुद्धा तिला दोनदा सांगावं लागलं.

जुनेसाने पंचनामा तिच्या हातात दिला. "ही सही कुणाची?"

"माझी."

"वर वेळ काय लिहिली आहे?"

"दहा वाजून वीस मिनिटं."

"त्या वेळी, मनांग, तुम्ही कुठे होता?"

न्यायाधीशबाईंनी हात वर केला. "थांबा. साक्षीदार, ज्या उत्तराने तुम्ही स्वतः अडचणीत याल असं उत्तर द्यायची तुमच्यावर सक्ती नाही. समजलं? तुम्हाला वकिलाशी बोलायचंय?"

रेमिंगला जुनेसाच्या टेबलावरची शाळेची वही दिसत होती. तपकिरी पुठ्ठा, कोपऱ्याला चिकटपट्टी. जुनेसाचा हात त्या वहीपासून मुद्दाम दूर ठेवलेला होता. मागे कुणाची तरी खुर्ची करकरली.

"नको," ती म्हणाली. "मी शाळेत होते. मुलींची मापं घेत होते."

"थांब्याजवळ?"

"मी थांब्याकडे फिरकलेही नाही. पुडी मी पहिल्यांदा चौकीतल्या टेबलावर पाहिली. जेवणानंतर."

"पत्रकार?"

"मी गेले तेव्हा त्याची सही होती. तो नव्हता."

जुनेसा बसली. एवढंच तिला हवं होतं. मग सरकारी वकील उठला, उंच, मऊ आवाजाचा माणूस. "मादाम कागावाद, म्हणजे तुम्ही खोट्या कागदावर सही केलीत?"

"सही माझी. वेळ माझी नव्हती."

"आरोपीला तुम्ही बरीच वर्षं ओळखता. त्याने पूर्वी तुमच्या दुकानात..."

"हरकत!" जुनेसा ताडकन उठली. "आम्ही आरोपीच्या चारित्र्याबद्दल एक अक्षरही काढलेलं नाही."

"हरकत मान्य."

मग मऊ आवाजाच्या माणसाने असा प्रश्न विचारला, जो त्याच्याच बाजूला नको होता. रागाच्या भरात निघून गेला असावा. "आणि अशा किती कागदांवर तुम्ही न बघता सह्या केल्यात?"

"साक्षीदाराने उत्तर दिलंच पाहिजे असं नाही," न्यायाधीशबाई पुन्हा म्हणाल्या.

रेमिंगने कठडा धरला. "बहुतेक सगळ्या," ती म्हणाली.

टंकलेखक बाईची बोटं थांबली आणि पुन्हा सुरू झाली. बाहेर पडताना सार्जंट गाल्बे दारातच उभा होता. त्याने तिला जायला वाट दिली, आणि ती त्याच्या इतक्या जवळून गेली की तिला त्याच्या कमरेवरचा आपलाच टाका दिसला.

*

निकाल चार महिन्यांनी लागला. एलिसेओ निर्दोष आहे असं त्यात कुठेच नव्हतं. पुडीच्या प्रवासातली पहिलीच कडी निखळलेली आहे, सबब संशयाचा फायदा आरोपीला, असं होतं. नेनिताने जुनेसाला मिठी मारली. रेमिंगशी ती बोलली नाही. आधी सव्वा वर्ष त्याला आत बसवणारी सही कुणाची, हे ती का विसरेल?

एलिसेओ स्वतः मात्र आठवड्याभराने दुकानात आला. पायरीखालीच उभा राहिला.

"मनांग."

"काय?"

"काही नाही. आलो होतो."

रेमिंगने मशीन थांबवलं. "एक विचारते. खरं सांग. विकलं होतंस?"

त्याने चप्पल पायरीवर घासली. "त्या दिवशी नव्हतं विकलं."

"त्या दिवशी."

"त्या दिवशी," तो म्हणाला, आणि गेला.

शेजारच्या ग्लोरियाने तिच्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच. चौकशी बसली. सहा महिने पंचायतीतून निलंबन झालं आणि पुढच्या निवडणुकीत पंचायतीच्या प्रमुखाने, कप्तानाने, तिला आपल्या यादीत घेतलं नाही. रहिवासाच्या दाखल्यांसाठी माणसं दुसऱ्या दारी जाऊ लागली. दुकान चाललं, कारण शाळेतल्या मुलींची उंची वाढायची थांबत नव्हती.

आणि बायका येऊ लागल्या. जवळच्या वस्त्यांतून, समोरच्या बेटावरून. प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणलेले कागद. "माझा नवरा, मनांग." "माझा धाकटा भाऊ." सगळ्या कागदांखाली ती ठसठशीत सही. रेमिंग तारीख बघे, मग आपल्या शिवणाच्या मापांची जुनी वही काढून त्या दिवशी आपण कुणाकडे होतो ते शोधी. सापडलं तर शहरात जाऊन जुनेसासमोर लिहून देई. नाही सापडलं तर तसं सांगे. कुणी हात धरून रडे, कुणी तिथल्या तिथे शिव्या घाली. तिने दोन्ही ऐकून घेतलं.

एका सकाळी बेटावरून तेरेसिता नावाची बाई आली. नवरा रुफिनो, दुसऱ्यांदा पकडलेला, जन्मठेप, अपील चालू. रेमिंगने कागद पाहिला आणि या वेळी वही काढली नाही.

"हा मला आठवतो," ती म्हणाली. "धक्क्यावर. मी मासळी घ्यायला उभी होते. पोलिसांनी मला तिथूनच बोलावलं. त्याच्या चहाच्या थर्मासातून पुडी निघाली, ती मी पाहिली. माझ्या डोळ्यांदेखत."

तेरेसिताचा चेहरा उतरला. मग ती पुढे सरकली. "कुणाला काय माहीत, मनांग? तुम्ही कोर्टात बोलला आहात, बहुतेक सगळ्या. त्यात हाही एक."

"हा त्यात नाही."

"ज्याने तुम्हाला लुटलं त्याला सोडवलंत, आणि माझ्या नवऱ्याने तुमचं काय वाकडं केलंय?"

"काही नाही. बाई, मी त्याला सोडवायला नव्हते बोलले. मी शाळेत होते, म्हणून शाळेत होते म्हणाले." रेमिंगने कागद परत एकदा वाचला, खालपर्यंत. "इथं पत्रकाराची सही आहे. धक्क्यावर पत्रकार कुणी नव्हता. होता तो बर्फवाला, मी, आणि पोलीस. ते मी सांगेन."

"त्याने तो सुटेल?"

"मला कायदा कळत नाही. वकीलबाईंना विचार. पण त्यांना आधीच सांगून ठेव, थर्मासाचंही मी सांगणार."

"दोन्ही?"

"दोन्ही."

बाहेर बेटाच्या होडीचा भोंगा झाला, तेव्हा तेरेसिताने कागद गोळा करून पिशवीत घातले, पिशवीचं तोंड गाठ मारून बांधलं, आणि शहराच्या बसकडे जायचं की होडीकडे हे न ठरवताच पायऱ्या उतरली.